पाव फेरा

लेकीनं विनिपेगमध्ये घर घेतलं हे फोनवर कळलं, तेव्हा तिच्या आईचा पहिला प्रश्न होता, "नळाला रोज पाणी येतं का गं?"

चाळीस वर्षं सोलापुरात संसार केलेली बाई घराबद्दल आधी हेच विचारणार. आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि तेही रात्री दोनला की पहाटे पाचला हे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यालाच ठाऊक. लेक हसून म्हणाली, "आई, इथं चोवीस तास येतं." झालं. हिच्या दृष्टीनं घराची चौकशी तिथंच संपली.

माझी सुरू व्हायची होती. मी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागलो आणि शाळा, आरोग्य केंद्रं, मोऱ्या अन् बहुतेक करून रस्त्यांचे खड्डे बघत निवृत्त झालो. मी विचारलं, "बांधकाम कधीचं?"

"१९१२ चं."

मी काही बोललो नाही. आमच्या घरात मी गप्प बसलो की काय ते सगळ्यांना कळतं.

मग जावयांनी फोन घेतला आणि हिशेब मांडला. टोरंटोत इतकी वर्षं भाडं भरलं, तरी तिथं एका बेडरूमचा फ्लॅटसुद्धा आवाक्यात येत नव्हता. ऑफिसनं घरून काम करायची मुभा दिली आहे, विनिपेगमध्ये घरं स्वस्त आहेत, आणि मोडकी घरं त्याहून स्वस्त. "दोन-तीन वर्षांत नीट करून घेऊ, अप्पा," ते म्हणाले. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला घर दोन-तीन वर्षांत नीट होतं असं वाटतं, त्यात त्यांचा दोष नाही.

फोन ठेवला आणि नातवंडांच्या जुन्या अॅटलासमध्ये ते गाव शोधलं. मॅनिटोबाची राजधानी, रेड आणि असिनिबोइन या दोन नद्यांच्या संगमावर. पश्चिमेला पुढचं मोठं शहर रेजायना, पावणेसहाशे किलोमीटरवर. म्हणजे सोलापूरहून निघावं आणि थेट नागपूरलाच धड शहर लागावं. टोरंटो दोन हजार किलोमीटरच्याही पलीकडे. रेजायनाच्या बाजूला सगळं सपाट रान. जानेवारीत रात्रीचं उणे वीस हे रोजचंच, थंडीची लाट आली की उणे तीस, पस्तीस. उणे चाळीसलाही जातं कधी कधी, आणि तिथं सेल्सिअस काय अन् फॅरनहाइट काय, आकडा एकच. तिथले लोक हिवाळ्यात रात्री गाडी विजेच्या प्लगला लावून ठेवतात, इंजिन गोठू नये म्हणून. हे ऐकून शेजारचे गुरुजी म्हणाले, "आपल्याकडं मोबाइल लावतात तशी?" अगदी तशी.

घर घेण्याआधी त्यांनी रीतसर पाहणी करून घेतली होती. त्याचा चाळीस पानी अहवाल लेकीनं मला पाठवला. फोटो, बाण, लाल वर्तुळं. वायरिंग जुन्या काळचं, चिनी मातीच्या खुंट्यांवरून ओढलेलं, विमावाले असल्या घराला नाकं मुरडतात. पोटमाळ्यावर करड्या खड्यांचा थर, व्हर्मिक्युलाइट म्हणतात त्याला. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा हात लावू नये. रस्त्यावरून घरात येणारी पाण्याची नळी शिशाची. ही सगळी पैसे टाकले की मिटणारी दुखणी. बत्तिसाव्या पानावर मात्र एक ओळ होती: तळघराच्या भिंतींना भेगा आहेत, इमारतीच्या वयाच्या मानाने नेहमीच्या.

हे वाक्य मी चांगलं ओळखतो. "किरकोळ भेगा, काळजीचे कारण नाही" असं मीही कितीतरी वेळा लिहिलंय. एकदोनदा जीपमधून न उतरताच लिहिलंय, आता या वयात खोटं कशाला बोलू.

राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी तिचा फोन आला. आमच्याकडे सकाळचे साडेसात, तिच्याकडे शनिवारचे रात्रीचे नऊ. पडद्यावर आधी अंधार, मग बॅटरीचा उजेड, मग दगडी भिंत. चुन्यातलं दगडकाम! मी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं होतं, कॅनडात म्हणजे सगळं काँक्रीट असेल. जमिनीवरचं घर पूर्ण लाकडाचं, पण पाया आपल्याकडच्या जुन्या वाड्यासारखा दगड-चुन्याचा. आणि कोपऱ्याजवळ, दगडांच्या सांध्यांतून पायऱ्या पायऱ्यांनी वर चढलेली भेग.

"बॅटरी वर ने. आता सावकाश खाली." भेग वर बोट जाईल एवढी, खाली येता येता केसासारखी. वर रुंद आणि खाली निमुळती, म्हणजे कोपरा खाली बसतोय.

"या कोपऱ्याच्या बाहेर मोठं झाड आहे का?"

पलीकडे दोन क्षण शांतता. "तुम्हाला कसं कळलं?"

एल्मचं झाड होतं. त्या शहरात रस्त्यारस्त्याला आहेत, दोन्ही बाजूंनी वर एकमेकांत मिसळून कमान करणारी. झाड महापालिकेचं, तोडता येत नाही, आणि लेकीला तोडायचंही नव्हतं. त्या झाडासाठीच तर तिनं घर पसंत केलं होतं. मी म्हटलं, "उद्या उजेडात त्या कोपऱ्यापाशी हातभर खड्डा घे. तळची माती मूठभर घे, पाण्यानं ओली कर आणि तळहातावर वळ." दुसऱ्या दिवशी तिनं फोनसमोर हात धरला. तळहातावर सुतळीएवढी बारीक, वीतभर लांब, कुठंही न तुटलेली मातीची दोरी होती.

"शेवयांसारखी वळतेय, अप्पा."

मग ती काळी आहे. रंग जरा करडा, पण जात काळीची.

सोलापूरच्या माणसाला काळी म्हणजे काय ते सांगायला नको, पण पुण्या-मुंबईचे वाचक असतील म्हणून सांगतो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात मंगळवेढ्याकडच्या रानात हात जाईल अशा भेगा पडतात. ज्वारीला त्याचं काही वाटत नाही, पावसाळ्यात साठवलेल्या ओलीवर ती रब्बीत बिनपाण्याची येते. घराला मात्र वाटतं. एक बाजू ओली राहिली, दुसरी वाळली, की पाया एकीकडे उचलतो आणि दुसरीकडे बसतो. जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर प्रत्येक गावाची काळी वेगळी आणि पांढरी वेगळी. काळीत पेरायचं, पांढरीवर राहायचं. गावठाणाला आपण अजून पांढरी म्हणतो ते उगाच नाही. आपली शहरं पांढरी सोडून काळीत पसरली ती अलीकडे. माझं स्वतःचं घरही त्यातलंच, पूर्वीच्या ज्वारीच्या रानातल्या सोसायटीत. या मातीसाठी खाली फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, रूरकीच्या संशोधन संस्थेनं पन्नासच्या दशकातच तयार केले होते. मी ते सरकारी इमारतींना घालून घेतले आणि स्वतःच्या घराला पैसे वाचवून साधे फूटिंग घातले. पावसाळ्यात आमच्या देवघराचं दार लागत नाही. हिचा त्यावर एक ठरलेला टोमणा आहे, तो इथं लिहीत नाही.

विनिपेगला पांढरी मिळालीच नाही. हिमयुगाच्या शेवटी वितळत्या बर्फाचं तिथं एक सरोवर झालं होतं, लेक अॅगॅसिझ. आजच्या कॅनडा-अमेरिकेतल्या कुठल्याही सरोवराहून मोठं. सरोवर आटलं, तळाचा गाळ राहिला, आणि त्या गाळावर शहर वसलं. ओली झाली की बुटाला किलोकिलोनं चिकटते म्हणून लोक तिला गंबो म्हणतात. आमची काळी काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली, त्यांची बर्फानं दळलेली. वागणं मात्र सख्ख्या बहिणींचं.

हे सगळं कळल्यावर मी काय सांगायला हवं होतं? "विकून टाका." तेच तोंडात आलं होतं. पण जुन्या घराबद्दल सल्ला द्यायची मला भीती वाटते, आणि त्याला कारण आहे.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सोलापुरातही आम्ही रस्त्यावर आलो होतो. नंतर मला पाहणीच्या कामाला उमरगा-औशाकडे पाठवलं. तिथं जे बघितलं ते सगळं लिहायचं नाही. माळवदी घरं होती. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, वर तुळया, त्यावर किलच्या म्हणजे लाकडी फळकुटं, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. गळू नये म्हणून दरवर्षी थोडी माती टाकत टाकत तो थर हात-दीड हात चढलेला. झोपलेल्या माणसांवर ते सगळं आलं.

मी तिथून सुटीवर सरळ गावाकडे गेलो आणि वडलांना सांगितलं, माळवद उतरवायचं. ते नको म्हणत होते. आजोबांच्या हातचं घर, उन्हाळ्यात बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस असलं तरी आत माठासारखं गार. मी ऐकलं नाही. खात्यातला माणूस होतो ना. महिनाभरात माळवद उतरवलं आणि पत्रे घातले. पुढच्या उन्हाळ्यात दुपारी घरात उभं राहवत नव्हतं. वडील तेव्हापासून शेवटपर्यंत उन्हाळ्यात घरात झोपले नाहीत, दारातल्या लिंबाखाली बाज टाकायचे. मला कधी काही बोलले नाहीत. इंजिनियर म्हणून माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण आडव्या पट्ट्या घालून, भिंती एकमेकींना जखडून, निम्मी माती कमी करून ते माळवद ठेवता आलं असतं, हे मला नंतर दहा वर्षांनी सुचलं. तेव्हा घाबरलो होतो आणि घाईत होतो.

म्हणून लेकीला म्हटलं, "आधी भेग जिवंत आहे का बघू."

ही आमची जुनी पद्धत. काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवायची, दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करायची, शेजारी तारीख लिहायची. भिंत हलली तर काच तडकते, नाही हलली तर भेग मेलेली. तिनं मायक्रोस्कोपच्या काचेच्या पट्ट्या मागवल्या आणि तीन ठिकाणी लावल्या. सांध्यांत सिमेंट भरायला निघाली होती, ते मी थांबवलं. चुन्यातल्या दगडकामाचे दर्जे चुन्यातच भरायचे. सिमेंट कडक, ते ओल बाहेर पडू देत नाही, मग थंडीत आतलं पाणी गोठतं आणि दगडच फुटतो.

नंतर हिवाळा आला आणि माझी अक्कल चालेनाशी झाली. मी आयुष्यभर ऊन बाहेर ठेवणाऱ्या भिंती बांधल्या. ऊब आत ठेवणारी भिंत माझ्या अभ्यासात नव्हती. त्यांची भिंत सगळी मिळून जेमतेम अर्धा फूट, लाकडी सांगाडा आणि दोन्हीकडून फळ्या. थंडीत उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं बघितलं तर भिंतीचा वरचा दोन फुटांचा पट्टा गडद निळा, म्हणजे गार. तो भाग उघडला तेव्हा कळलं, आत भरला होता लाकडाचा भुसा, रंध्यातून निघतो तसला. शंभर वर्षांत तो बसत बसत खाली गेला आणि वर नुसती पोकळी. गादीतला कापूस एकीकडे गोळा होतो तसं. आपण पिंजारी बोलावतो, त्यांनी त्या पोकळीत काचतंतूची गुलाबी लादी भरली.

त्यावर आतल्या बाजूनं प्लॅस्टिकचा कागद लावतात. हे का, ते मला कळायला चार फोन लागले. आपण घरात भात शिजवतो, कुकरच्या शिट्या होतात, श्वास सोडतो, ती सगळी वाफ बाहेरच्या गार बाजूकडे भिंतीतून जायला बघते. मधेच तिचं पाणी होतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. तेव्हा वाफेला ऊब असलेल्या बाजूलाच अडवायचं. लेकीनं एका सकाळी स्वयंपाकघरातली खिडकी दाखवली. आदल्या रात्री तिनं वरण-भात लावला होता, पंखा सुरू करायला विसरली होती. काचेवर आतून बर्फाचा थर, इतका की तिनं नखानं त्यावर 'आई' लिहिलं. हिला कौतुक वाटलं. मला त्या चौकटीच्या लाकडाची काळजी वाटली.

फेब्रुवारीत घरात भांडण झालं, तेही पाण्यावरून. तिथं थंडी जमिनीत हळूहळू खाली उतरत जाते, आणि हिवाळ्याच्या शेवटी शेवटी खोल पुरलेल्या नळीपर्यंत पोचू शकते. २०१४ मध्ये अशा हजारो घरांच्या नळ्या गोठल्या होत्या आणि महापालिकेनंच लोकांना नळ थोडा सोडून ठेवायला सांगितलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी लेकीला तोच उपाय सांगितला. स्वयंपाकघरातला नळ रात्रंदिवस बारीक धारेनं वाहता ठेवायचा. व्हिडिओवर मागे ती धार दिसत होती. ही बोलता बोलता थांबली. "अगं, नळ चालू राहिलाय."

"राहू दे आई, मुद्दाम ठेवलाय. एप्रिलपर्यंत."

"एप्रिलपर्यंत?" हिनं फोन माझ्या हातात दिला आणि उठून गेली. आमच्या गच्चीवर दोन टाक्या, अंगणात हौद, मोरीत तीन पिंप. त्या बाईला हे बघवणार कसं? दोन दिवस तिनं लेकीशी नीट बोलणं केलं नाही. तिथल्या पाण्याचीही एक कथा आहे. ते दीडशे किलोमीटरवरच्या शोल लेकमधून येतं, १९१९ पासून, आणि ज्या मूळ रहिवाशांची ती जमीन, त्यांच्या वस्तीला त्या कालव्यामुळे पुढं शंभर वर्षं धड रस्ता नव्हता. उजनीच्या धरणग्रस्तांबद्दल ऐकलेल्या माणसाला यात नवीन काही वाटू नये.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं, तळघरात ओल आली, पन्हळींचे पाइप लांबवून पाणी घरापासून दूर सोडलं. काचा शाबूत होत्या. मला वाटलं, सुटलो. जुलै कोरडा गेला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोटो आला: कोपऱ्याजवळची काच मधोमध तडकलेली.

भेग जिवंत होती. पाइल घालून कोपरा धरून ठेवायचा खर्च विचारला. आकडा ऐकून मी मनात रुपयात गुणाकार केला आणि तो हिला सांगितला नाही. मग लेक म्हणाली, "अप्पा, तळघरात हे खांब आहेत ना, त्यांना वर स्क्रू आहे. हे कशासाठी?"

ते बघून मी अवाक झालो. तळघराच्या मधोमध घराची मुख्य तुळई, आणि तिच्याखाली चार लोखंडी खांब. प्रत्येकाच्या डोक्याला जाड आट्यांचा स्क्रू, मोटारीच्या जॅकसारखा. टेलिपोस्ट म्हणतात. त्या शहरात घरोघरी आहेत. जमीन हलणारच हे गृहीत धरून घराला खाली-वर करायची सोय आधीच ठेवलेली! मी नोकरीभर "पक्कं" या शब्दावर सह्या केल्या. पक्की इमारत, पक्का रस्ता. आणि इथं घराच्या पोटात पाना लावायला जागा.

पुढच्या शनिवारी आम्ही काम काढलं. तिची रात्र, आमची रविवार सकाळ. जावई वर, बेडरूमच्या न लागणाऱ्या दारापाशी. लेक खाली पाना घेऊन. फोन एका रंगाच्या डब्यावर टेकवलेला. वरच्या जमिनीवर गोटी सोडली की ती मधून भिंतींकडे घरंगळत होती, म्हणजे कडा बसल्या होत्या आणि मधला भाग उंच राहिला होता. लेकीनं विचारलं, "मग कोपरा वर उचलायचा?"

"कोपरा आपल्या हातात नाही. मधलं खाली आणायचं."

"खाली?"

"हां. पाव फेरा. जास्त नाही."

तिनं दोन्ही हातांनी पाना धरला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग एक करकर आवाज आला, इतका मोठा की सोलापुरात हिनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. वरून जावयांचा आवाज, "काय झालं?" लेकीचा चेहरा पांढरा पडला होता.

"लाकूड बसतंय. थांब आता. दोन आठवडे हात लावायचा नाही."

"दार लागलं का?" ती ओरडली.

"नाही," वरून उत्तर आलं. मग थोड्या वेळानं, "पण आता घासतंय वेगळ्या ठिकाणी."

ते ऐकून मला बरं वाटलं. घासायची जागा बदलली, म्हणजे घर हललं.

तेव्हापासून हे चालू आहे. वर्षातून चार-पाच वेळा पाव फेरा. वही केली आहे तिनं, तारीख, खांबाचा नंबर, वर की खाली. कोरड्या उन्हाळ्यात घराच्या कडेनं ठिबकची नळी टाकून जमिनीला पाणी देते, एल्मच्या बाजूला जास्त. तिथं सगळेच देतात म्हणे. झाडाला पाणी पुरलं की ते पायाखालची ओल ओढत नाही. ही गोष्ट मी हिला सांगितली नव्हती. नळाच्या प्रकरणानंतर धीर झाला नाही.

या मे महिन्यात आमच्या हॉलच्या कोपऱ्यात नवी भेग दिसली. बाहेर बरोबर त्या कोपऱ्याला लिंब आहे, मीच लावलेला, आता दुमजली झालाय. मी कपाटातून काचेची पट्टी काढली, लावली, तारीख टाकली. मग संध्याकाळी बादलीत भांडी विसळलेलं पाणी घेऊन लिंबाच्या बुडाशी आणि जोत्याच्या कडेनं सावकाश ओतायला लागलो.

"अहो, पाचव्या दिवशी पाणी येतंय अन् तुम्ही भिंतीला पाजताय?"

मी तिला सांगितलं. कोपरा, लिंब, काळी, लेकीची ठिबकची नळी, सगळं. तिनं कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं, भेगेकडे एकदा बघितलं आणि आत गेली. थोड्या वेळानं तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं घेऊन आली, त्या कोपऱ्यात ओतलं आणि म्हणाली, "सांडपाणीच घाला हं. हौदातलं घ्याल तर बघा."